जास्तीची ऊर्जा जाते कुठे? : चार्ल्स स्टाइनमेट्झ यांची जीवनकथा

मित्रांनो, इलेक्ट्रिकलच्या पोरांना विचारा, तुमचा हिरो कोण? दहापैकी आठ जण टेस्लाचं नाव घेतील, एखादा एडिसनचं आणि एखादा फॅरेडेचं. स्टाइनमेट्झ हे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येईल. पण गंमत अशी, की ज्यांच्या जिवावर आपण पेपर सोडवतो ते हेच गृहस्थ! एसी सर्किटच्या गणितात आपण बिनधास्त जे ऑपरेटर वापरतो, ती पद्धत यांनी रूढ केली. हिस्टेरेसिस लॉसच्या सूत्रात डोक्यावर बसलेला १.६ हा घात यांचाच. इंडक्शन मोटरचं इक्विव्हॅलन्ट सर्किट, जे ओरलला हमखास काढायला सांगतात, तेही यांच्याच नावाने ओळखलं जातं. आणि मशीन्स लॅबमधला व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह मोटर थांबवताना मध्येच ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो ना, त्याचं उत्तर शोधायची रीतसुद्धा त्यांनीच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली. ड्राइव्ह नावाची वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नाही, तरीही! म्हणून या लेखात त्यांचं आयुष्य, आणि जाता जाता त्या ट्रिपचाही हिशेब.

कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाउ शहरात झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. वडील रेल्वेत लिथोग्राफीच्या कामावर होते. कार्ल एक वर्षाचा असतानाच आई वारली आणि आजीने त्याला वाढवलं. पाठीला जन्मतःच कुबड, खुब्याच्या सांध्यातही दोष. वडिलांना तेच, आजोबांनाही तेच. मोठेपणी त्यांची उंची जेमतेम चार फूट भरली. शाळेत खेळाच्या मैदानावर ज्याला कुणी आपल्या बाजूला घेणार नाही, असा तो मुलगा. पण गणिताच्या तासाला मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

१८८३ मध्ये कार्ल ब्रेस्लाउ विद्यापीठात दाखल झाला. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जे मिळेल ते त्याने शिकून घेतलं. तिथल्या मित्रमंडळींनी त्याला प्रोटिअस असं टोपणनाव दिलं. ग्रीक पुराणातला प्रोटिअस हा समुद्रातला म्हातारा देव. तो क्षणात सिंह होतो, क्षणात साप, क्षणात पाणी. पण जो त्याला घट्ट धरून ठेवतो त्याला शेवटी तो आपल्या मूळ रूपात येऊन खरं ते सांगतो. मित्रांनी हे नाव थट्टेत दिलं असेल, पण पुढे हेच नाव त्यांनी अभिमानाने मिरवलं.

याच काळात कार्ल समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात ओढला गेला. जर्मनीत तेव्हा बिस्मार्कचा समाजवाद्यांविरुद्धचा कायदा लागू होता. सभा घेणं, पत्रक काढणं, सगळंच गुन्हा. कार्ल एका समाजवादी वर्तमानपत्रासाठी लिहायचा. पोलिसांची नजर त्याच्यावर गेली. १८८८ साल उजाडलं तेव्हा त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध जवळजवळ तयार होता. पदवी अगदी हाताशी आलेली. विचार करा, पाच वर्षांचं सबमिशन पूर्ण झालंय, फक्त सही राहिलीय आणि दाराशी पोलीस! राहिला तर तुरुंग, गेला तर पदवी गेली, घर गेलं आणि म्हातारे वडील मागे राहिले. तो गेला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला पोचला आणि तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये नव्याने यंत्रशास्त्र शिकू लागला. ब्रेस्लाउची ती पदवी त्यांना मिळाली नाही ती नाहीच.

झुरिकमध्ये ऑस्कर आस्मुसेन नावाचा एक मित्र भेटला. तो अमेरिकेला निघाला तेव्हा त्याने कार्ललाही बरोबर घेतलं. १ जून १८८९ रोजी दोघांचं जहाज न्यूयॉर्कला लागलं. समोर इमिग्रेशनचे अधिकारी. त्यांच्या पुढ्यात उभा होता चार फुटांचा, पाठीत वाकलेला, धड इंग्रजी न येणारा आणि खिसा रिकामा असलेला २४ वर्षांचा तरुण. असा माणूस देशावर भार होणार, याला परत पाठवा, असा त्यांचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. आस्मुसेनने मध्ये पडून त्याची हमी घेतली. त्या एका हमीवर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. ती नसती तर आपल्या पुस्तकांतली कितीतरी पानं वेगळी असती.

न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स इथे रुडॉल्फ आइकमायर यांचा कारखाना होता. टोप्या बनवायची यंत्रं तिथे तयार व्हायची आणि हळूहळू विजेच्या यंत्रांचंही काम सुरू झालं होतं. आइकमायर स्वतः जर्मनीतून पळून आलेले. तरुणपणी क्रांतीच्या बाजूने उभे राहिलेले. त्यांनी या पोराला आठवड्याला १२ डॉलर पगारावर ड्राफ्ट्समन म्हणून ठेवून घेतलं. ड्रॉइंग बोर्डवर बसायला लागल्यावर थोड्याच दिवसांत मालकाच्या लक्षात आलं, की हा नुसत्या रेघा ओढणारा माणूस नाही. कार्लला तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना कार्लचं चार्ल्स झालं आणि मधल्या दोन नावांच्या जागी आलं ते विद्यार्थीदशेतलं टोपणनाव. चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ!

त्या काळी एसी मोटर आणि ट्रान्सफॉर्मर बनवणं म्हणजे अंदाजपंचे काम होतं. आधी यंत्र बांधायचं, मग चालवून बघायचं. तापलं तर मोडून परत बांधायचं. लोखंड का तापतं, किती तापेल, हे कागदावर आधी सांगता यायचं नाही. लोखंडातलं चुंबकत्व दर सायकलला उलटसुलट करताना काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, हे माहीत होतं. पण किती, याचा नियम नव्हता. स्टाइनमेट्झ यांनी मोजमापांचे ढीग घेतले, वेगवेगळ्या नमुन्यांचे आकडे मांडले आणि त्यातून एक साधा नियम काढला. दर सायकलचा हिस्टेरेसिस लॉस हा कमाल फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात असतो आणि पुढचा स्थिरांक त्या त्या धातूवर अवलंबून असतो. जानेवारी १८९२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला. वय वर्षं २६. त्या दिवसापासून यंत्र बांधायच्या आधी त्याचा लॉस कागदावर काढता येऊ लागला.

आजच्या स्टीलला १.६ हा घात तंतोतंत लागू पडतोच असं नाही. तो त्या त्या मालाच्या आलेखावरून काढावा लागतो. पण सूत्राचा साचा तोच आहे. आणि गंमत बघा, जो लॉस कमी करायला त्यांनी आपल्याला शिकवलं, तोच लॉस आजचे काही ड्राइव्ह मुद्दाम वाढवतात! फ्लक्स ब्रेकिंग म्हणतात ते हेच. मोटर थांबवताना फ्लक्स थोडा वाढवायचा, म्हणजे जास्तीची काही ऊर्जा मोटरच्या लोखंडात आणि तांब्यातच उष्णता होऊन जिरते. १.६ च्या हिशेबाने फ्लक्स २० टक्के वाढवला तर दर सायकलचा हिस्टेरेसिस लॉस सुमारे ३४ टक्के वाढतो. ही जास्तीची ऊर्जा येते कुठून, ते आता पुढे येईलच.

१८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि लवकरच तिने आइकमायर यांचा कारखाना विकत घेतला. त्याबरोबर स्टाइनमेट्झही कंपनीत आले. आधी मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथे आणि १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी. ते गाव मग त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

१८९३ मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच्याच जोडीने आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद. तिथे स्टाइनमेट्झ यांनी आपला दुसरा मोठा निबंध मांडला, कॉम्प्लेक्स संख्यांवरचा. तोवर एसी सर्किट सोडवायचं म्हणजे डिफरन्शिअल समीकरणं मांडायची, साइन आणि कोसाइनची जंत्री जुळवत बसायचं. एक साधी लाइन सोडवायला पानंच्या पानं जायची. त्यांनी सांगितलं, की व्होल्टेज आणि करंट यांना वेळेप्रमाणे नाचणाऱ्या लाटा म्हणून न बघता एकेक कॉम्प्लेक्स संख्या म्हणून बघा, मग सगळी बेरीज-वजाबाकी साध्या बीजगणिताने होते. त्याच वर्षी आर्थर केनेली यांनीही इम्पीडन्सवर निबंध लिहिला होता. पण ही पद्धत कामकरी इंजिनिअरच्या हातात नेऊन दिली ती स्टाइनमेट्झ यांनी. १८९७ मध्ये एसीवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. सुरुवातीला ते फार कमी लोकांना झेपलं. मग त्यांनी आणखी सोपी पुस्तकं लिहिली, कॉलेजांच्या अभ्यासक्रमात ही गणितं आली आणि एका पिढीत एसीची भाषाच बदलली. आपण सेकंड इयरला जो फेझर डायग्राम काढतो त्यामागे एवढा इतिहास आहे.

आता इंडक्शन मोटरकडे येऊ. फिरणारी मोटर, तिचा रोटर, तिच्यावरचा लोड, सगळं मिळून एक साधं सर्किट म्हणून मांडायचं ही कल्पना किती भन्नाट आहे! या सर्किटमध्ये यांत्रिक लोडच्या जागी एक रेझिस्टन्स येतो. रोटरचा रेझिस्टन्स गुणिले एक वजा स्लिप, भागिले स्लिप. एवढं आपण सगळे पाठ करतो. पण स्लिप उणे झाली तर?

चार पोलची मोटर घ्या. ५० हर्ट्झला सिंक्रोनस वेग १५०० आरपीएम, रोटर फिरतोय १४४० ला. समजायला सोपं म्हणून असं धरू, की ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी एकदम ४० हर्ट्झवर आणली. आता सिंक्रोनस वेग झाला १२००, पण रोटर तर जडत्वामुळे अजून १४४० नेच पळतोय. स्लिप आली उणे ०.२. सूत्रात घातलं तर लोडचा रेझिस्टन्स येतो रोटर रेझिस्टन्सच्या उणे सहा पट. उणे रेझिस्टन्स म्हणजे काय? तो ऊर्जा खात नाही, देतो! म्हणजे आपली मोटर त्या क्षणी जनरेटर झाली. प्रोटिअसने रूप बदललं म्हणा ना.

ही ऊर्जा उलट ड्राइव्हमध्ये शिरते. ड्राइव्हच्या पोटात तीन भाग. आधी रेक्टिफायर, मधे डीसी बस आणि तिचे कपॅसिटर, शेवटी इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमधून ऊर्जा मागे डीसी बसवर येऊ शकते, पण साध्या डायोड रेक्टिफायरमधून ती पुढे सप्लायमध्ये जाऊ शकत नाही. डायोडचा रस्ता एकेरी! मग ती साठते कपॅसिटरमध्ये आणि बसचं व्होल्टेज चढत जातं. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर बस साधारण ५८७ व्होल्टला असते. ८०० च्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो.

आकड्यांत बघा. रोटर आणि लोडचं मिळून जडत्व १ किलोग्रॅम मीटर वर्ग धरा. १४४० वरून १२०० आरपीएमला येताना सुमारे ३४७० जूल ऊर्जा बाहेर पडते. आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५९० वरून ८०० व्होल्टपर्यंत चढताना किती साठवतो? जेमतेम १४६ जूल. लोट्यात विहीर ओतण्यातला प्रकार! बाकीची ऊर्जा मोटरच्या लॉसमध्ये, घर्षणात किंवा मुद्दाम बसवलेल्या ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जिरली पाहिजे, नाहीतर ट्रिप ठरलेला.

म्हणून ओव्हरव्होल्टेज ट्रिप आला की रिसेट दाबण्याआधी पहिला प्रश्न हा, की ट्रिप आला केव्हा? थांबवताना आला असेल तर ऊर्जा मोटरकडून आलीय. मग डिसेलरेशनचा वेळ वाढवून बघा. वरचंच जडत्व ५ सेकंदांत थांबवायचं तर सुरुवातीला साधारण साडेचार किलोवॅट परत येतात. २० सेकंदांत थांबवलं तर १.१ किलोवॅट, आणि त्यातले बरेचसे मोटर आणि लोड स्वतःच पचवतात. प्रक्रियेला एवढा वेळ परवडत नसेल तर ब्रेकिंग चॉपर आणि रेझिस्टर बसवा. रेझिस्टर आधीच बसवलेला असेल तर तो जळून ओपन तर झाला नाही ना, हे मीटर लावून बघा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये बस चढली की स्वतःहून डिसेलरेशन लांबवणारी सोय असते. रेझिस्टर वापरायचा तर ती सोय बंद करावी लागते, नाहीतर चॉपर कामालाच लागत नाही. क्रेन किंवा उतारावरचा कन्व्हेयर असेल तर लोडच मोटरला ओढत असतो. तिथे नुसता वेळ वाढवून भागत नाही. ऊर्जा सतत येत असते, म्हणून एकतर तिला साजेसा मोठा रेझिस्टर हवा किंवा सप्लायला ऊर्जा परत देणारा रिजनरेटिव्ह ड्राइव्ह.

आणि मोटर एकाच वेगाने चालू असताना किंवा नुसती उभी असताना ट्रिप आला तर? मग नजर सप्लायकडे वळवा. रात्री कारखान्याचा लोड कमी झाल्यावर व्होल्टेज चढतं का? पॉवर फॅक्टरची कपॅसिटर बँक ज्या मिनिटाला चालू होते त्याच मिनिटाला ट्रिप येतो का? तसं असेल तर बँक जोडताना उठणारा ट्रान्झिएंट बसपर्यंत पोचतोय. ड्राइव्हच्या आधी लाइन रिअॅक्टर घातला तर तो बराच दबतो. एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. सप्लाय बंद केला तरी डीसी बसचे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मीटरने बस मोजा, मगच हात घाला. ही माहिती परीक्षेत एक मार्काची असेल, शॉप फ्लोअरवर जिवाची आहे.

परत स्केनेक्टडीला जाऊ. १९०० मध्ये जनरल इलेक्ट्रिकची संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, ती स्टाइनमेट्झ यांच्या घरामागच्या कोठारात! १९०१ मध्ये ते विद्युत इंजिनिअरांच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले, जिथे नऊ वर्षांपूर्वी त्यांनी हिस्टेरेसिसचा निबंध वाचला होता. १९०२ पासून गावातल्या युनियन कॉलेजात ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवू लागले. ज्याला डॉक्टरेट न घेता पळावं लागलं त्याला १९०३ मध्ये याच कॉलेजाने सन्मानाने डॉक्टरेट दिली.

घर मात्र रिकामं होतं. आपलं व्यंग आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आलं, ते पुढच्या पिढीला द्यायचं नाही, म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. माणूस मात्र माणसांचा भुकेला. जोसेफ हेडन नावाचा एक तरुण त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. त्याचं लग्न झाल्यावर स्टाइनमेट्झ यांनी त्या जोडप्याला आपल्याच मोठ्या घरात राहायला बोलावलं. हेडनच्या बायकोला, कॉरिनला, आधी हे फारसं पसंत नव्हतं. घर तिने तिच्या पद्धतीने चालवावं असं ठरलं तेव्हा कुठे ती तयार झाली. पुढे त्यांनी हेडनला कायद्याने दत्तक घेतलं आणि त्याच्या तीन मुलांचे ते आजोबा झाले. मुलांना गोष्टी सांगायच्या, प्रयोगाच्या गमती दाखवायच्या, हा त्यांचा आवडता उद्योग. घराला लागून काचघर होतं, त्यात निवडुंग आणि ऑर्किड. पाळलेल्या प्राण्यांत मगरीसुद्धा! उन्हाळ्यात मोहॉक नदीजवळच्या आपल्या लाकडी कॅम्पवर जायचं, होडीत आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरायचे आणि तोंडात सिगार ठेवून तासन् तास गणितं करत बसायचं.

समाजवाद त्यांनी सोडला नव्हता. एवढ्या मोठ्या भांडवलदार कंपनीत नोकरी आणि डोक्यात समाजवाद, हे कसं जमत होतं असं आपल्याला वाटेल. त्यांना त्यात विरोध दिसत नव्हता. स्वस्त वीज घराघरांत गेली की माणसाचे कष्ट कमी होतील, असा त्यांचा विश्वास होता. १९१२ मध्ये स्केनेक्टडीला जॉर्ज लन हे समाजवादी महापौर आले. त्यांच्या कारकिर्दीत स्टाइनमेट्झ शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी विशेष वर्ग काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. बंदरावर भाषेवाचून अडलेल्या त्या २४ वर्षांच्या पोराला ते विसरले नव्हते, असंच म्हणायला हवं. १९२२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या राज्य अभियंता पदासाठी निवडणूकही लढवली आणि हरले. त्याच वर्षी रशियाच्या विद्युतीकरणाला मदत करायची तयारी दाखवणारं पत्र त्यांनी लेनिनला लिहिलं आणि लेनिनने त्याला उत्तरही पाठवलं.

आता त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे येऊ. विजेच्या लाइन लांबच लांब होत चालल्या होत्या आणि त्यांच्यावर वीज पडून इन्सुलेटर फुटत होते. स्थिर अवस्थेचं गणित एव्हाना हातात आलं होतं, पण स्विच टाकला किंवा वीज पडली की त्या क्षणात काय होतं? १९०९ मध्ये त्यांचं ट्रान्झिएंटवरचं पुस्तक आलं. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्समध्ये साठलेली ऊर्जा एका अवस्थेतून दुसरीत जाताना मधला काळ लागतोच, आणि त्या मधल्या काळात व्होल्टेज नेहमीपेक्षा कितीतरी वर उसळू शकतं, हा त्यातला गाभा.

हेच आजच्या ड्राइव्हच्या केबलमध्ये घडतं. इन्व्हर्टरच्या झटपट चढणाऱ्या पल्स लांब केबलमधून मोटरच्या टर्मिनलवर आपटतात, परत फिरतात आणि तिथलं व्होल्टेज बसच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टच्याही वर जाऊ शकतं. ड्राइव्हला याचा पत्ता लागत नाही, कारण बस आपल्या जागी शांत असते. ट्रिप येत नाही, पण एक दिवस वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. म्हणजे ट्रिप होणारं ओव्हरव्होल्टेज वेगळं आणि गुपचूप मोटर खाणारं वेगळं. दोन्हींवर एकच औषध चालत नाही. पहिल्याला ब्रेकिंग रेझिस्टर, दुसऱ्याला आखूड केबल किंवा ड्राइव्हच्या आउटपुटला फिल्टर.

१९२० मध्ये तर वीज स्टाइनमेट्झ यांच्या कॅम्पवरच पडली. आतला आरसा फुटून त्याचा चुरा झाला. दुसरा कुणी असता तर केरसुणी घेतली असती. यांनी आरशाचा तुकडा न् तुकडा गोळा केला, दोन काचांमध्ये ते सगळे जुळवून बसवले आणि वीज कुठून शिरली, कशी फुटत गेली याचा नकाशाच त्यातून वाचला. मग असली वीज प्रयोगशाळेत तयार करायची असं ठरवलं. एसी रेक्टिफाय करून कपॅसिटरच्या रांगा भरायच्या आणि सगळी साठवण एका झटक्यात सोडायची. म्हणजे ड्राइव्हच्या पोटातलंच सामान, फक्त अवाढव्य! १९२२ मध्ये त्यांनी हा लाइटनिंग जनरेटर पत्रकारांसमोर चालवून दाखवला. १,२०,००० व्होल्टचा कडकडाट झाला आणि लाकडाच्या ठोकळ्याच्या चिंधड्या उडाल्या. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला, स्केनेक्टडीचा जादूगार वगैरे. पण कामाची गोष्ट वेगळीच होती. आता इन्सुलेटर आणि अरेस्टर तपासायला पावसाळ्याची वाट बघायची गरज उरली नव्हती. त्याच वर्षी एडिसन स्वतः स्केनेक्टडीला आले, आणि विजेने फुटलेला इन्सुलेटर बघत असलेल्या या दोघांचा फोटो आजही प्रसिद्ध आहे.

स्टाइनमेट्झ यांची एक दंतकथा इंजिनिअरिंगच्या प्रत्येक बॅचला कुणीतरी ऐकवतंच. फोर्डच्या कारखान्यातला जनरेटर बिघडला, स्टाइनमेट्झ आले, त्यांनी खडूने एक खूण केली आणि १०,००० डॉलरचं बिल लावलं. खुणेचा एक डॉलर आणि खूण कुठे करायची ते माहीत असल्याचे ९,९९९! गोष्ट मजेदार आहे, पण ऐकून आपण चुकीचा धडा घेतो. बिघाड शोधणं म्हणजे जादू, तो नजरेचा खेळ, असं वाटायला लागतं. त्यांच्या खऱ्या कामात जादू कुठेच नाही. लोखंडाच्या नमुन्यांचे ढीगभर आकडे आहेत, आरशाचे जुळवलेले तुकडे आहेत आणि प्रत्येक वेळी तोच एक प्रश्न आहे, की ऊर्जा आली कुठून आणि तिला जायला वाट आहे का?

१९२३ च्या शरद ऋतूत ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या लांबच्या दौऱ्यावरून कुटुंबासह परतले. प्रवासाने खूप थकले होते. २६ ऑक्टोबर १९२३ च्या सकाळी स्केनेक्टडीतल्या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ५८. गावातल्याच व्हेल स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. मोहॉककाठचा तो कॅम्प हेन्री फोर्ड यांनी उचलून मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात नेला. १९७९ पासून त्यांच्या नावाने आयट्रिपलई एक पुरस्कार देते, मानकांच्या कामासाठी. अंदाजावर चालणाऱ्या कामाला मोजमापाची शिस्त लावणाऱ्या माणसाच्या नावाला तो शोभतो.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टला, ट्रेनिंगला किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्यात कधीतरी ड्राइव्हच्या डिस्प्लेवर ओव्हरव्होल्टेज येणारच. शेजारचा म्हणेल, रिसेट मार आणि चालव. तीन वेळा चालेलही. चौथ्या वेळी कार्ड जाईल आणि लाइन दोन दिवस बंद पडेल. त्यापेक्षा दोन मिनिटं थांबा. ट्रिप केव्हा आला ते लिहा, बस मोजा, स्लिपचं चिन्ह आठवा. मोटर कधी मोटर असते, कधी जनरेटर. कितीही रूपं बदलली तरी तिला घट्ट धरून ठेवा, ती खरं ते सांगते.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी